आभाळ उघडलं दुसऱ्या दिवशी

उत्तरेकडच्या बर्फातल्या एका चौकीवर आमची पोस्टिंग झाली, तेव्हा तिथे साताऱ्याचे आम्ही दोघेच. मी कराडजवळचा, नाईक सोपान माण तालुक्यातला. मला थांबायची सवय नव्हती. आमच्या उसाला कृष्णेचं पाणी. मोटर चालू केली की सरी भरायची. सोपानच्या घरी मेंढरं आणि पावसावरची बाजरी.

दिवस ठरलेला असायचा. सकाळी रेडिओवर रिपोर्ट. मग स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं, बंकरच्या तोंडावरचा बर्फ फावड्याने काढायचा, मग ड्यूटी. हेलिकॉप्टर आलं तर ताजी भाजी आणि टपाल. नाही आलं तर डब्यातलं खाणं. मी चिडायचो. सोपान म्हणायचा, "गड्या, आमच्याकडं पाऊस वर्स-वर्स येत न्हाई. तुजं टपाल चार दिस न्हाई आलं तर काय झालं?"

दुपारी मोकळे असलो की तो मेंढरांच्या गोष्टी सांगायचा, मी गुऱ्हाळाच्या. "हितं बसून गरम काकवीचं बोलू नगंस रं," म्हणायचा. ते दिवस मला अजून गोड वाटतात.

एका सकाळी तो फावडं टाकून खाली बसला. खोकला त्याने अंगावर काढला होता. आता ओठ निळे पडले होते आणि खोकल्यातून गुलाबी फेस येत होता. नर्सिंग असिस्टंटने छाती तपासली. "फुप्फुसात पाणी झालंय. खाली न्यायलाच हवं."

कॅप्टनसाहेबांनी रेडिओ घेतला. पलीकडून उत्तर आलं, "हेलिकॉप्टर तयार आहे. ढग फार खाली आहेत. स्टँडबाय. ओव्हर."

इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मी म्हणालो, "सर, स्ट्रेचरवर नेतो."

"दोर लावलेली वाट हिमस्खलनात गेलीय. कुणीही उतरणार नाही."

साहेब बरोबर होते. मला तेव्हाही ते कळत होतं.

थोड्या वेळाने डोक्यावर पंख्यांचा आवाज आला. सगळे बाहेर धावले. वर नुसतं पांढरं. आवाज घिरट्या घालत राहिला. मग रेडिओ बोलला, "पोस्टच्या वर आहोत. काही दिसत नाही. परत फिरतोय. ओव्हर."

मी रेडिओला शिवी हासडली. सोपानने मास्क बाजूला केला.

"त्येच्यावर का वरडतोस रं? आभाळ का त्येच्या हातात हाय? बस हितं."

मी त्याच्या पाठीशी बसलो, त्याला छातीला टेकवून धरलं. दुपारी त्याचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी आभाळ निळंशार. हेलिकॉप्टर आलं. सोपानला आम्ही आत ठेवलं. पायलटने मान खाली घालूनच सॅल्यूट केला. त्याच्यावर रागवायला माझ्यात काही उरलं नव्हतं. आभाळावर मात्र राग राहिला.

सुट्टी मिळाली तसा माणला गेलो. सोपानचे वडील, आबा, अंगणात बसले होते. सगळं सांगितलं. शेवटी तोंडातून निघून गेलं, "आबा, एक दिवस आदी उघडलं असतं तर..."

आबा म्हणाले, "न्हाई उघडलं. तुमी जवळ हुता न्हवं?"

"व्हय."

"मग एकटा न्हाई गेला त्यो." आत वळून सुनेला म्हणाले, "पावण्याला ताट कर, पोरी. लांबनं आलाय."

त्या अंगणात भाकरी खाताना मी पहिल्यांदा रडलो. तिथून माझा राग हळूहळू कमी झाला.

आज मी रिटायर होऊन ऊस बघतो. आबा आता नाहीत. सोपानची लेक तेव्हा पाळण्यात होती, ती आता कराडला इंजिनिअरिंग शिकते. रविवारी आमच्याकडे जेवायला येते आणि वडील कसे होते ते विचारते. मी सांगतो, बर्फात पाय घसरून आपटला की तुझा बाप उठायच्या आधी स्वतःच हसायचा, डोळे गच्च मिटून, आवाज न करता.

ती हसते. अगदी तशीच.