चंद्र अकोल्याला, आग अमरावतीत

तिकडे अमेरिकेत कसली तरी लढाई लागली आणि विलायतेला एकदम आमच्या वऱ्हाडच्या कापसाचं प्रेम आलं. कापूस महाग झाला तसे अमरावतीत शहाणे लोक वाढले, आणि शहाणे वाढले की त्यांना लायब्री लागते. चार प्रतिष्ठितांनी बाजाराजवळच्या एका माडीवर ती काढली आणि चिटणीस म्हणून आमच्या घरधन्यांना बसवलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं आणि त्यांना दुसरं काही जमत नव्हतं. त्या जागेला दोन्ही गुण लागायचे.

लायब्रीच्या दारात एक प्रश्नवही असे. सृष्टीतलं जे कोडं पडेल ते लोकांनी तिच्यात लिहायचं आणि आठ दिवसांत यांनी उत्तर द्यायचं. मात्र उत्तराखाली पुस्तकाचं नाव आणि पान पाहिजेच. छापलेलं नाही ते खरं नाही, असा सभेनं ठरावच केला होता. आणि लोक काय, विचारायला बसलेलेच! पालीची शेपटी तुटल्यावर का वळवळते? चिखलदरा उंचावर, म्हणजे सूर्याच्या जवळ, मग तिथं थंडी कशी वाजते? हे आणि शाळेचे मास्तर, दोघं पुस्तकात नाक खुपसून बसायचे. मास्तर पुण्याकडचे, त्यामुळे त्यांना उत्तर आधीच माहीत असायचं, फक्त पान सापडत नसे.

शोधायला इंग्रजी पुस्तकांचा एक मोठा संच होता, सगळ्या जगाची माहिती भरलेला. बदलीवर निघालेल्या एका साहेबानं तो दिला. साहेब मोठा न्यायी. अमरावती रुसू नये, अकोलाही रुसू नये, म्हणून त्यानं पहिला अर्धा संच आम्हाला दिला आणि उरलेला अकोल्याच्या लायब्रीला. माहिती इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली. त्यामुळे गाय, घोडा आणि पृथ्वी आमच्या वाट्याला आली. वाघ, साप, सूर्य, चंद्र अकोल्याला गेले. ग्रहण आमच्याकडे होतं, पण ते ज्यांना लागतं ते दोघंही अकोल्याला. कोणी चंद्राबद्दल विचारलं की हे अकोल्याला पत्र धाडत.

तर एका वैशाखात भर दुपारी एका शेठची कापसाची वखार पेटली. राखणीला आमच्या गल्लीतले चाचा होते. चाचांची चिलीम सगळ्या गावाला ठाऊक. शेठनं बोट दाखवलं, शिपायांनी हवालातीत घातलं. दहा दिवसांनी नव्या साहेबापुढं सुनावणी. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि चाचांचं वय साठीच्या पुढचं. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आमच्या अंगणात येऊन बसली.

"बाई, तमाखू सरली होती व घरातली. सकाळपासून चिलीम पेटलीच नाई. मंग आग कोनं लावली?"

"कापूस आपल्या मनानं पेटते काय, भाबी?"

"मले काय मालूम? तुमचे मालक तं जगाचे सवाल सोडवते. त्याईले इचारा नं!"

मी विचारलं. यांनी गंभीर चेहऱ्यानं प्रश्न वहीत उतरवला आणि मास्तरांना बोलावलं. 'कापूस' आमच्याच भागात निघाला. वा! त्यात अमेरिकेतली शेतं होती, सूत होतं, गिरण्या होत्या. पेटण्याचं नाव नाही. 'आग' काढली. आग म्हणजे काय हे चार पानं सांगून झालं, पण वखार कशी पेटते ते नाही. दोन दिवस हे चाललं आणि चाचा हवालातीत.

मी भाबीला वखारीचं खोदून खोदून विचारलं. तेव्हा ती म्हणाली, आगीच्या आदल्या दिवशी सुतारानं वखारीच्या नव्या दाराला जवसाचं तेल चोळलं आणि पुसायचे बोळे तिथंच कापसाच्या ढिगात कोंबले. माझ्या डोक्यात लख्ख झालं. लायब्रीच्या कपाटांना वाळवी लागू नये म्हणून जवसाचं तेल मीच चोळायची. बोळे टोपलीत चेपून ठेवले की काही तासांनी हाताला चटका बसायचा.

"अवो," मी यांना म्हटलं, "जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापते. मी दरवेळी पाहते."

"कोणत्या पुस्तकात?"

"माह्या हातात!"

मास्तर हसले. "वहिनी, हाताला पान नसतं."

तरी बरं, त्यांनी 'जवस' उघडून पाहिलं. तिथं निळ्या फुलाचं फार सुंदर वर्णन होतं आणि खाली लिहिलं होतं, पुढे 'तेल' पाहा. तेल अकोल्याला! मास्तर लगेच बैलांच्या छकड्यात बसून निघाले, दोन दिवसांची वाट. तिकडे त्यांना सांगण्यात आलं, बाहेरगावच्या माणसाला पुस्तक दाखवायचं तर सभा भरवावी लागेल, आणि सभा रविवारी. तसा निरोप आला. रविवार म्हणजे सुनावणीच्या आदला दिवस. मास्तर काही पाखरू नव्हते उडत यायला.

मी कोणाला न विचारता कापूस तेलात भिजवला, पिळला, टोपलीत गच्च चेपला आणि अंगणात ठेवला. तिसऱ्या प्रहरी टोपलीतून धूर निघाला. हे धावत आले.

"निखारा ठेवलास?"

"चूल कधीची विझली. हात घालून पहा."

घातला, आणि ओरडले. पुस्तकाबाहेरचं ज्ञान त्यांना पहिल्यांदाच भाजलं होतं.

तरी सुनावणीच्या सकाळी ते पगडी बांधून नुसते बसून राहिले. "पान नाही. साहेबानं विचारलं तर काय दाखवू?"

"टोपली दाखवा. नाईतर भाबीले सांगा, की तुया नवरा तुरुंगात चालला, कावून का तेल अकोल्याले हाये."

गेले. मी पहाटेच नव्यानं भरलेली, तापू लागलेली टोपली डोक्यावर घेऊन भाबी मागून गेली. पुढचं मला तिनंच सांगितलं. शेठ म्हणाला, हा जादूटोणा आहे. साहेबानं बोळे स्वतः उलटेपालटे केले, निखारा नाही याची खात्री केली, टोपली कचेरीच्या आवारात उन्हात ठेवायला लावली आणि समोर खुर्ची टाकून बसला. यांना तेवढा वेळ घाम पुसायला पुरला नाही. शेवटी धूर आला, मग कडेला जाळ. साहेबानं सुताराला बोलावून विचारलं. त्यानं बोळे कोंबल्याचं कबूल केलं. चाचा सुटले.

दोन दिवसांनी मास्तर उतारा घेऊन आले. त्यात तेच होतं, तेलकट कापसाचा ढीग आपोआप पेटतो. यांनी तो वहीत सुरेख अक्षरात लिहिला, खाली पुस्तक, भाग आणि पान. माझ्या अंगणाचं पान अर्थातच सापडलं नसावं.

मग शेठ स्वतः गल्लीत आला. चाचा ओट्यावर बसले होते, हातात चिलीम.

"चल चाचा, झालं ते झालं. उद्यापासून कामावर ये."

चाचांनी एक दमदार झुरका घेतला. "कायले येऊ, शेठ? तुमचा कापूस तं आपल्या मनानं पेटते. मंग मी कोणापासून राखू?"

आतून भाबीचा आवाज आला, "जा नं जी, घरात बसून मायाच जीव खाऊन राहिले!"

पण चाचा काही उठले नाहीत.