पुलाअलीकडचं गाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, वैशालीलाही नाही, आणि ती तर म्हणते की या माणसाच्या पोटात काहीच राहत नाही. खरं आहे ते. इथे अमेरिकेत, सांता क्लारातल्या कुठल्याही मराठी घरी मला जेवायला बोलावलं, की पानं मांडायच्या आधी माझे किस्से सुरू होतात. हातवारे, आवाज, सगळं. लोक हसून लोळतात. मला फार आवडतं ते — कशाला नाही म्हणू?

पण कुणी 'सुधीर, ती चीनची गोष्ट सांग ना' म्हटलं, की समोरचं ताट उचलून भिरकावावंसं वाटतं. आणि तरी मी सांगतो. वर दर वेळी थोडी जास्त रंगवतो.

आमच्या शेजारी विल्यम फाँग राहायचे. निवृत्त इंजिनिअर, ऐंशीच्या घरातले, जन्म इथलाच. मी त्यांना काका म्हणायचो. त्या 'काका'वर ते खूश असत, कुंपणावरून पिशवी पिशवी लिंबं द्यायचे. तर फाँग हे त्यांचं खरं आडनावच नव्हतं. त्यांच्या आजोबांच्या काळी चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी होती. इथे आधीच असलेल्या कुणाचा तरी मुलगा आहोत असं कागदोपत्री दाखवून लोक आत शिरायचे. आजोबा तसेच 'फाँग' झाले. मूळचे टॅम. आणि मागे गावी, दक्षिण चीनमध्ये, त्यांची पहिली बायको आणि तान्हा मुलगा राहिला होता. त्या मुलाचं पुढे काय झालं? काकांनी अर्धं आयुष्य या एका प्रश्नात घातलं. हाताशी धागा एकच — आजोबांच्या थडग्यावर चिनी अक्षरांत कोरलेलं गावाचं नाव.

काही वर्षांपूर्वी कंपनीने मला शेन्झेनला पाठवलं. काकांनी माझा हात धरला. म्हणाले, मला आता विमान झेपत नाही. तू बघून ये, कुणी टॅम उरलाय का. मी म्हटलं, बघून काय, चहा पिऊन येतो त्यांच्याकडे.

असं बोलायला माझ्या जिभेला कधी हाड होतं?

रविवारी गाडी केली. ड्रायव्हर त्या भागातलाच. तो बोली ऐकून फोनला सांगायचा आणि फोन मला इंग्रजीत. उकाडा असा की शर्ट सीटला चिकटलेला. रस्ते चुकत, विचारत, शेवटी एका गावाशी थांबलो. समोर तळं, मागे करड्या विटांच्या घरांच्या रांगा. एक म्हातारी संत्र्याच्या साली वाळत घालत होती. तिने काकांनी दिलेला थडग्याचा फोटो पाहिला आणि हसली. या नावाची गावं दोन आहेत म्हणाली. एक हे. एक पुलापलीकडे. तुम्हाला हवं ते पलीकडचं.

आता मला सांगा, हे मला समजावून सांगायला हवं होतं? आमच्या तालुक्यात पिंपळगाव बुद्रुक आहे, पिंपळगाव खुर्द आहे. माझे सख्खे मामा चुकीच्या पिंपळगावात पंगतीला बसून, परक्या नवरदेवाला आहेर करून आले होते! गाव विचारताना 'कुठलं' हे आधी विचारायचं, हे आम्हाला बाळकडूसारखं पाजलेलं.

पूल दिसत होता. ड्रायव्हरने गाडी वळवली. मी म्हटलं, राहू दे. भूक लागली होती, आणि हा गृहस्थ सकाळपासून कुठल्याशा भाजलेल्या हंसाच्या हॉटेलाचं गुणगान गात होता. तिथल्याच, परक्यांच्या पूर्वजांच्या देवळापुढे हात जोडून मी फोटो काढून घेतला, आणि आम्ही जेवायला गेलो.

परत आल्यावर काकांच्या स्वयंपाकघरात मी काय रंगलो! म्हातारीने माझे हात धरले. रडली. टॅमांचं घर दाखवलं, मोडकं. काका टेबलावर पुढे झुकून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि तो मुलगा?"

इथे मी अडकलो. कुणी आहे म्हणावं, तर ते उद्याच फोन लावतील, मुलीला विमानात बसवतील, आणि माझं पितळ उघडं पडेल. मी म्हटलं, "लहानपणीच गेला, काका. त्या घरातलं कुणी उरलं नाही."

इतकं सहज. हातातला चहाचा कप खाली न ठेवता.

काकांनी मान हलवली. माझे आभार मानले. त्या दिवसापासून त्यांनी शोध थांबवला. माझा तो देवळापुढचा फोटो चौकटीत लावला आणि त्याच्याखालीच जेवायला बसू लागले. ते गेले, तेव्हाही तो भिंतीवर होता.

त्यांची मुलगी कॅरन वसंतात थडगी स्वच्छ करायच्या दिवशी मलाही नेते. काकांच्या थडग्यापुढे संत्री, उकडलेली कोंबडी मांडतात, आणि मग नातवंडांना मी ती गोष्ट सांगायची. स्वतःचाच इतका वैताग येतो — पण आवाज आपोआप चढतो, हात आपोआप हलतात.

यंदा पोरं पुढे गेली आणि कॅरन मागे राहिली. तिने हळूच विचारलं, "त्या आजी आणखी काही म्हणाल्या होत्या? काहीही?"

मी क्षणभरही थांबलो नाही. म्हटलं, "म्हणाल्या, त्यांना सांगा, आम्ही विसरलो नाही." तिने माझा दंड घट्ट धरला आणि आम्ही गाडीपर्यंत तसेच चालत गेलो.

म्हातारी म्हणाली होती ते ड्रायव्हरच्या फोनने मला स्पष्ट ऐकवलं होतं. टॅम ना? पुलापलीकडे आहेत, चिक्कार आहेत. जा, आत्ता घरीच असतील.