वस्त्रगाळ

“तारीख पडली!”

सकाळी नीरेकाठून भरलं टमरेल तसंच परत आणताना शेजारचे काका आमच्या दारात हे म्हणायचे. म्हणजे समजायचं, आजही पोट साफ झालं नाही. भोरच्या कचेरीत हयातभर कारकुनी केलेली. पेन्शनीत आल्यावर पोटाचाच खटला चालवायला घेतला. “सुनावणी झाली, निकाल राखून ठेवला,” हे चहाच्या वेळी ऐकायचं. सांगा, घोट उतरायचा कसा?

बाप आंबवड्याला जन्मभर नांगर धरून गेला, पण ह्यांना भाकरी म्हणजे अडाण्यांचं खाणं! गव्हाचं पीठ वस्त्रगाळच हवं, आणि चपाती पांढरीफेक. कोंडा जायचा म्हशीला. म्हैस अगदी वेळेवर. मालक चार-चार दिवस गच्च.

वैद्यबुवांनी बजावलं, “या वयात आतडी आळसावतात. पीठ कोंड्यासकट खा, पालेभाजी खा, पाणी प्या. नाहीतर कुंथता कुंथता जाल एक दिवस.”

“मी काय बैल आहे?” म्हणत काका ताडकन उठून आले.

काकूंनी मात्र धसका घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी, फक्त मला सांगून, गुपचूप पीठ गाळणं बंद केलं.

“चपाती तांबूस कशी?”

“नवा गहू हाय.”

पंधरा दिवसांत निकाल लागायला लागले. आणि श्रेय कोणाला? स्वतःच्या शिस्तीला! पारावर बसून म्हातारा गावाला शिकवायचा, “नियमित राहा, आमच्यासारखं.” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“सांगून टाकू का, काकू?”

“नगं बया! कळलं तर ताटावरनं उठतील. मंग पुन्यांदा तेच दुखणं.”

असा नवा गहू पाच वर्षं चालला. मग काकू तापानं फणफणल्या आणि तीन दिवसांत गेल्या. काकांचं ताट आमच्याकडून जायला लागलं.

एकदा घास मोडताना म्हणाले, “तुमच्या चपातीला तिची सर नाही. ती वस्त्रगाळ करायची.”

माझं डोकंच फिरलं. काकूंना दिलेला शब्द राहिला बाजूला. “कसलं वस्त्रगाळ, काका? पाच वर्षं तुम्ही कोंडाच खाताय!”

वाटलं, आता ताट भिरकावतील. ते उठले नाहीत. घास हातातच राहिला, आणि कचेरीची भाषा कुठल्या कुठं गेली.

“आन् त्याच्या आदी? म्या वस्त्रगाळ खायचो, तवा ती काय खायची?”

चाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मला रडू फुटलं, पण खोटं बोलवेना.

“म्हशीला घालून उरेल ते.”

पुढच्या वर्षी काकाही गेले. तोवर रोज ताट पुढं ठेवलं, की आधी मला विचारायचे, “तू जेवलीस का, पोरी?” मी हो म्हणायची, आणि मग ते जेवायला लागायचे. जिला विचारायचं, ती केव्हाच गेली होती.