‘कळवू’ म्हणणारी कंपनी

बोरगावात एका कंपनीच्या गेटासमोर माझी चहा-पोह्याची टपरी हाये. इंटरव्ह्यूले आलेले पोट्टे आत जायच्या आधी चहा पितात, अन् बाहेर आले की कपाळाले हात लावून माझ्याच बाकड्यावर बसतात. उष्टे कप धुऊन ठेवता येतात, हे किस्से कुठं ठेवू? मी चौथी शिकलेली बाई, पण ऐकून ऐकून डोकं गरगरते!

अन् माझी पोरगी वैशालीही तिथंच इंटरव्ह्यू देऊन बसली हाये. ऑफिसात बसून फोन लावायचं काम. पोळ्याच्या आधी ‘कळवू’ म्हणाले. आंबिया बहाराचे संत्रे तुटून गेले, हे अजून कळवूनच राहिले!

*

रामाकोन्याचा एक पोट्टा आयटीआय करून आला. साहेबानं वायरिंगचं काहीच नाही विचारलं. ‘घरी संत्र्याचा बगीचा आहे का?’ म्हणे. पोट्टा खूश! दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन हजर.

आठवड्यानं साहेब गेटावर भेटले. ‘संत्री फार गोड निघाली हो! तुमचं कळवू.’

*

पांढुर्ण्याच्या एकाले नेमकं गोटमारीच्या दिवशी बोलावलं. पोळा झाला की पांढुर्णा अन् सावरगाववाले नदीच्या दोन काठावरून एकमेकाले गोटे मारतात, ते जत्रा. हा कशाचा येते! दुसऱ्या दिवशी आला, डोक्याले पट्टी बांधून.

साहेब बाहेरगावचे. घाबरले. ‘कोणी मारलं?’

‘सावरगाववाल्यायनं, सर. गोटमार होती न.’

बाजूले ऑफिसचा बाबू बसला होता. त्यानं हळूच शर्टाची बाही वर केली. दंड सुजून निळा!

‘मी सावरगावचा. हा गोटा तुमचाच काय?’

*

सौंसरच्या एका पोरीले पहिलाच सवाल, ‘लग्न कधी करणार?’

पोरगी म्हणे, ‘सर, इंटरव्ह्यू नोकरीचा हाये का सोयरिकीचा? सोयरिकीचा असंल तर मायले आणते. तुम्ही पोट्ट्याचा फोटो दाखवा!’

शाबास! त्या दिवशी तिचा चहा माझ्याकडून.

*

एका गड्याले अर्ज दिल्यावर वर्षभरानं फोन आला. तेव्हा ऑफिसात फोनवाली मॅडम होती, आता ते नोकरी सोडून सासरी गेली. ‘उद्या इंटरव्ह्यूला या.’

‘मॅडम, मी तुमच्याच गोडाऊनमध्ये पोते उतरवून राहिलो. ठेकेदाराकडून.’

‘अरे, मग तुम्हाला सुट्टी नाही मिळणार! राहू द्या.’

अन् फोन ठेवला! माय वं!

*

काल खुद्द साहेब टपरीवर आले. ‘ताई, एक कट चहा.’

मी म्हटलं, ‘चहा प्यायचा अनुभव किती वर्षाचा?’

‘आँ?’

‘बसा तिकडं. कळवते.’

बाकड्यावरचे पोट्टे हसाले लागले. साहेब खरंच बसले! मागून आलेल्या ड्रायव्हरले चहा दिला, चौकीदाराले दिला. साहेब नुसते पाहून राहिले.

‘ताई, झालं काय?’

‘माही वैशाली पोळ्याच्या आधीपासून अशीच बसून हाये! हो म्हणा नाही तर नाही म्हणा, पण तोंड तर उघडा!’

साहेब ओशाळले. तिथूनच बाबूले फोन लावला, स्पीकरवर. ‘ती वैशाली, फोनच्या कामासाठी आली होती. तिचं काय झालं?’

‘सर, ते तर कधीचीच सिलेक्ट हाये!’

मी गाळणी ठेवून फोनाजवळ सरकली.

साहेब ओरडले, ‘मग तिला कळवलं का नाही?’

‘कोण कळवणार, सर? सिलेक्ट झालेल्यायले फोन करायचीच तर ते पोस्ट हाये. रिकामी हाये न!’