घरटी एक हात

"हात खाली कर वो बाई. घरटी एकच हात मोजतो आपन."

सरपंच भर ग्रामसभेत बोलला. प्लास्टिकच्या खुर्चीत रेलून, गालात पान धरून. पुढे बसलेले बाप्ये हसले. ग्रामसेवकानं मान खाली घातली.

गावामागची डोंगरी गिट्टीच्या खाणीला द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. त्या डोंगरीवरच्या मोहा-तेंदूवर आम्हा बायांचं घर चालतं. सासऱ्यांनी खाणीच्या बाजूनं हात वर केला. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथं चौकीदारी मिळेल असं सरपंचानं त्यांच्या कानात भरलेलं. मी विरोधात हात केला. तर म्हणे, तुमच्या घरचा हात झाला.

ही आमच्या गावची जुनी रीत. देवाची वर्गणी, लग्नाचं आवतन, भांडणाचा निवाडा, सगळं घरटी एक. आवतनाला चालतं ते. पण मताला?

मी आलापल्लीला बारावीपर्यंत शिकले. घटनेत दुरुस्ती करायची तर केवढा खटाटोप, ते घोकलं होतं. दोन्ही सभागृहांत मतदान, हजर राहून मत देणाऱ्यांतले दोन तृतीयांश बाजूनं, काही दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांचीही संमती. एवढं सगळं होऊन गावाच्या सभेला घटनेत जागा मिळाली. आणि आमच्या सरपंचानं ती घटना एका वाक्यात बदलली. पान चघळत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माहा हात मोजा, भाऊ. इलेक्शनले मत मागाले दारात आलते, तवा घरटी एक नाई म्हटलं."

"लय शिकली हे," तो ग्रामसेवकाला म्हणाला. "लिवा, ठराव मंजूर."

मागं बसलेल्या एकाही बाईनं हात उचलला नाही. त्यांचाही राग आला मला. सरपंचापेक्षा जास्तच आला.

घरी सासरे म्हणाले, "लोकाईत माही इज्जत घालवली तुनं."

"मामाजी, तुमचं मत तुमचं. माहं मत माहं."

ते जेवले नाहीत. वाईट वाटलं. पण माफी मागितली नाही.

ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी, असा कायदा आहे. आमच्या गावात ती कधी झालीच नाही. मी मागायला गेले, तर सरपंच हसला. आता मागणार नाही. आम्हीच भरवू. चौघी तयार झाल्यात, बाकीच्या घाबरतात. घाबरू देत. तो ठराव रद्द होईस्तोवर डोंगरीवर मशीन चढू देणार नाही. एकटी उरले तरी वाटेत बसेन. मशीनपुढं चौकीदार म्हणून माझा नवरा चालत आला, तरी उठणार नाही.