बरणीवरचं नाव

आमच्या वाडीतल्या अंबूबाईचं आता पंचक्रोशीत कौतुक चालतं. माश्या जगवल्या म्हणतात, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं म्हणतात. ते खरंच आहे. पण अंबूबाई पहिल्यांदा शाळेत गेली ती शिकवायला नव्हे, सूड उगवायला. मी तिची शेजारीण. नुसती पाहणारी नव्हे, त्यात माझाही हात होता. माझ्या रोजच्या वहीत तेव्हाच्या नोंदी आहेत, त्या समोर ठेवून हे लिहिते आहे. दिवा लावून देवापुढे बसले आहे, म्हणजे खोटं लिहिणं होणार नाही.

अंबूबाईचं माहेर भोंगवलीचं. तिचे वडील कड्याकपारीतली मोहळं काढायचे, तीही पेटत्या टेंभ्याने. लहानपणी तिने जळालेल्या माश्यांचे ढीग पाहिले होते. लग्न होऊन मार्गासनीच्या आतल्या आमच्या वाडीत आली, तेव्हा त्यांच्या घराच्या भिंतीतल्या पोकळीत सातेरी जातीच्या मधमाश्यांची वसाहत होती. नवरा धूर करायला निघाला तर ही नवी नवरी भोकापुढे पाठ लावून उभी राहिली. "आधी मला धुरी द्या," म्हणाली. नवऱ्याने गोवऱ्या परत चुलीपाशी नेऊन टाकल्या.

नवरा गेल्यानंतर भोरला आठ दिवसांचं शिक्षण घेऊन तिने मधमाश्या पाळायच्या पेट्या आणल्या. पेट्या सहा झाल्या. रोज एकच पेटी उघडून बघायची आणि रविवारी त्यांना सुट्टी द्यायची, असा तिचा नेम. म्हणून पेट्यांची नावंच पडली, सोमवारची, मंगळवारची, बुधवारची. माझ्या जपासारखंच ते. एखाद्या वारी पेटी चुकली तर तिला जेवण गोड लागायचं नाही.

तिच्या बांधाला लागून सावळारामचं रान. हा तिचा चुलत दीर. फाल्गुनातल्या एकादशीला, सकाळी दहाच्या सुमारास, त्याची काकडी ऐन फुलात असताना तो पाठीवर पंप घेऊन फवारायला उतरला. मी तुळशीला पाणी घालत होते. अंबूबाई अनवाणी पळत गेली.

"भावोजी, बंद करा पंप! माश्या फुलावर हायेत!"

तोंडाला बांधलेल्या रुमालातून तो म्हणाला, "मग उठवा की त्यांना. का आता त्यांची परवानगी काढू?"

"दिवस मावळल्यावर मारा म्हणून दोनदा सांगितलं व्हतं तुमाला."

"दिवस मावळल्यावर माणूस जेवतो, वहिनी. तुमच्या माश्यांनी माझं रान इकत घेतलेलं न्हाई."

आणि तिच्या अंगावरून फवारा जाईल असा पंप मारत तो पुढच्या सरीत गेला.

दुपारपर्यंत पेट्यांच्या दारात माश्या पडायला लागल्या. पाठीवर पडून गरगर फिरायच्या, सोंड बाहेर काढायच्या आणि थांबायच्या. तिसऱ्या दिवशी कान लावला तर पाच पेट्यांतून आवाज नाही. ओढ्याकाठच्या जाळीतल्या फुलोरी जातीच्या लहान रानमाश्याही गेल्या. वाचली ती गुरुवारची पेटी. पोळं पोखरणारा मेणकिडा लागलाय का ते बघायचं म्हणून अंबूबाईने त्या सकाळी तिचं दार बंद ठेवलं होतं.

ती रडली नाही. मेलेल्या माश्या तिने सुपात भरल्या, पाखडून कचरा काढला, उन्हात वाळवल्या आणि लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरल्या. बरणी घेऊन माझ्याकडे आली.

"माई, तुझं अक्षर चांगलं हाय. यावर नाव लिही."

"कुणाचं?"

"मारणाऱ्याचं."

पाच पेट्यांचं सुतक असल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. तरी मी म्हणाले, "अंबू, देवावर सोड. तो बघतो."

"देवाला लई कामं हायेत. हे म्या बघते."

मी नाव लिहिलं. ज्या पेनाने वहीत रोज पहिल्या ओळीला देवाचं नाव लिहिते, त्याच पेनाने. ठळक अक्षरांत सावळारामचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. चिठ्ठीही मीच चिकटवली, हेही लिहून ठेवते.

त्याच आठवड्यात मार्गासनीच्या शाळेतून तिला बोलावणं आलं. मुलांना मधमाश्यांची माहिती द्या, एवढंच गुरुजींचं म्हणणं. सोबतीला मी गेले. तिने काकडीची दोन फुलं नेली होती. "ह्ये नर, ह्ये मादी. मादीच्या पाठीमागं इवलीशी काकडी असती बघा. नराची पिवळी धूळ माशी हिच्यावर आणती, तवा ती भरती. माशी आली न्हाई तर वाकडी व्हती न्हाईतर गळून पडती." मुलं पुढे सरकून बघत होती. फूल असताना दिवसा औषध का मारायचं नाही, मोहोळ दिसलं तर दगड का मारायचा नाही, सगळं तिने सोपं करून सांगितलं. मी मनात म्हटलं, हिला गुरुजीच करायला हवं. तेवढ्यात तिने पिशवीतून बरणी काढली.

"ह्या माश्या कुणी मारल्या? वाचा बरं मोठ्यानं."

चाळीस मुलांनी एका सुरात सावळारामचं नाव वाचलं. गुरुजी खाली बघायला लागले. अंबूबाई म्हणाली, "मागल्या बाकावरच्यांचं ऐकू आलं न्हाई." मुलांनी परत वाचलं.

त्या महिन्यात अशा सहा शाळा झाल्या. सावळाराम एसटीत चढला की मागून पोरं भुंऽऽ करायची. दाढी करायला दुकानात गेला तर न्हाव्याने वस्तरा पुसत सांगितलं, "दिवस मावळल्यावर या, पाटील. दिवसा मारत न्हाई आमी."

एक दिवस तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. टोपी मांडीवर ठेवली. "माई, वहिनींना सांगा, त्ये नाव तेवढं काढा. पैसं देतो पेट्यांचं. माझी लेक भोंगवलीत दिलीय, तिथवर जायला नगं ह्ये."

मी निरोप दिला. अंबूबाई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "पैसं नगंत. मेलेल्या माश्यांचं पैसं खाऊ का म्या? त्यानं देवळात, समद्यांसमोर म्हणावं, माहीत असून मारल्या म्हणून." भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "भोंगवलीची शाळा कितवीपतुर हाय गं?"

सावळारामने ते म्हणायला नकार दिला. "बाईमाणसापुढं नाक घासू का," म्हणाला. मग अंबूबाईने दुसरा डाव टाकला. पाडवा झाल्यावर तिने एका संध्याकाळी माश्या आत आल्यावर गुरुवारच्या पेटीचं दार बंद केलं, पेटी जुन्या लुगड्यात बांधली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने निघाली. कंडक्टरने विचारलं, यात काय आहे? "लेकरं," ती म्हणाली. कापूरहोळला गाडी बदलून तिने पेटी भोंगवलीला भावाच्या, गेनूच्या मळ्यात नेऊन ठेवली. परत आली ती हसत. "आता बघते त्याची काकडी कशी भरती त्ये."

पावसाळी काकडी श्रावणात फुलावर आली. सावळारामच्या रानात फुलंच फुलं, पण माशी नाही. काकड्या धरल्या त्या एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला बोटासारख्या, कोयत्यासारख्या वाकलेल्या. पुण्याच्या बाजारातून माल परत आला, तो म्हशींनी खाल्ला. कुणीतरी मोबाईलवर त्याला हाताने फूल लावायचं दाखवलं. मग रोज सकाळी सावळाराम नर फूल तोडायचा, पाकळ्या सोलायचा आणि कमरेत वाकून एकेका मादी फुलाला लावत फिरायचा.

अंबूबाईने घरातली प्लास्टिकची खुर्ची बांधावर नेली. डोक्यावर छत्री, हातात चहा. आठ दिवस ती तिथे बसून होती.

"भावोजी, त्ये डाव्या अंगाचं राहिलं!"

तो पुढच्या वेलाकडे वळायचा.

"माशी फुलावर बसली की गाणं म्हणती. तुमी मुकंच फिरता."

लोक रस्त्यावर थांबून बघायचे. मीही गेले. हसलेसुद्धा. श्रावणातल्या शुक्रवारचा उपास होता मला.

पण माझ्या परसातला लाल भोपळाही त्याच श्रावणात होता. दर वर्षी गौरीच्या जेवणाला माझ्याच वेलाचा भोपळा असतो. त्या वर्षी बोराएवढं फळ दिसायचं आणि चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. पलीकडच्या घरच्या धोंडाबाईची काकडी तशीच, खालच्या आळीचं कारलं तसंच. सूड घेताना अंबूबाईने पेटी एकट्या सावळारामच्या रानातून उचलली नव्हती, ती सगळ्या वाडीतून उचलली होती. हे आमच्या कुणाच्याच आधी लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

धोंडाबाई आठ बायका घेऊन बांधावर गेली. मी मागे उभी राहिले.

"अंबे, खुर्चीवर बसून त्याची मज्जा बघतीस, माझ्या वेलाचं काय? म्या काय फवारा मारला व्हता?"

"त्याला सांग जाऊन."

"तुला सांगती. माश्या त्यानं मारल्या, राहिलेल्या तू नेल्यास. आमाला दोघंबी सारखीच."

अंबूबाई खुर्चीवरून उठली. तिने आपल्याच मांडवाकडे पाहिलं, तिथेही वाकड्या काकड्या लोंबत होत्या. मग म्हणाली, "पेटी आणते. पण परत कुणी दिवसा फवारला तर? समद्यांनी बेलभंडारा उचला. आधी त्यो, मग बाकीचे."

आमच्याकडे बेलभंडारा उचलून दिलेला शब्द कुणी मोडत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी महादेवाच्या देवळात वाडी जमली. बेल मी तोडून नेला, भंडारा धोंडाबाईने तिच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाचा आणला. सावळाराम येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो कमरेवर हात ठेवून, वाकडा होऊन आला. आठ दिवसांच्या फुलं लावण्याने त्याची पाठ धरली होती.

त्याने बेल आणि भंडारा तळहातावर घेतला. "फूल हाय तवर दिवसा औषध मारणार न्हाई. मोहोळ जाळणार न्हाई." मग एकेक घर पुढे आलं. लाकूड तोडणाऱ्यांनी उचलला, आंब्याला फवारणाऱ्यांनी उचलला. ज्याच्या घरी बेलभंडारा चालत नाही त्या बुद्धभूषणने पंचांपुढे तोंडी शब्द दिला, तोही सगळ्यांनी मानला.

सगळ्यांना वाटलं, मिटलं. अंबूबाई खांबाला टेकून उभी होती.

"ह्ये पुढचं झालं. मागच्याचं काय? माझ्या पाच पेट्या गेल्या. टेम्पो तुमचा हाय, भावोजी. दर शाळंला म्या जाणार, बरणी तुमी उचलून आणायची. पोरांनी विचारलं की तुमी उत्तर द्यायचं."

सावळारामने देवाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "येतो," तो म्हणाला. "फकस्त भोंगवली सोडा."

"भोंगवलीच पयली. पेटी तिथं हाय, आणायची न्हाई का?"

भोंगवलीच्या शाळेत तिसरीच्या वर्गात आम्ही गेलो. सावळाराम दोन्ही हातांनी बरणी धरून दाराशी उभा. तिसऱ्या ओळीतली एक दोन वेण्यांची मुलगी उठून ओरडली, "माझे आजोबा!" ती त्याच्या लेकीची, अश्विनीची, शिवानी. त्याने मान खाली घातली. मी अंबूबाईचा पदर ओढला.

"अंबू, एवढी शाळा सोड."

"माझं त्यानं काय सोडलं व्हतं?"

तिने सगळं शिकवलं, नर फूल, मादी फूल, फवारणीची वेळ. मग म्हणाली, "बरणीवर काय लिवलंय त्ये कोण वाचतंय?" सगळ्यात आधी शिवानीचा हात वर. ती नाचत पुढे आली आणि मोठ्याने वाचायला लागली. आजोबांच्या नावाशी आवाज बारीक झाला, आडनावाशी थांबला.

"आजोबा, तुम्ही मारल्या?"

"व्हय बाळा. म्या मारल्या."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

सावळारामने उपरण्याने तोंड पुसलं. "माहीत व्हतं," तो म्हणाला.

फाल्गुनापासून अंबूबाईला हे दोनच शब्द हवे होते. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ती पोटभर जेवल्यासारखी दिसत होती. शिवानी आजोबांजवळ न जाता जागेवर जाऊन बसली.

दिवस मावळायला गेनूच्या मळ्यात माश्या पेटीत शिरल्या, आम्ही दार बंद केलं आणि निघालो. टेम्पोत पेटी आमच्या दोघींच्या पायांशी, बरणी सावळारामच्या शेजारी. कापूरहोळला त्याने टेम्पो हळू केला. मग तो म्हणाला, "वहिनी, नातीनं वाचलं. आता तरी नाव काढा."

अंबूबाईने पेटीला कान लावला. आत आवाज होता. "उद्या परत मार्गासनी," ती म्हणाली. "आठला टेम्पो लावा."

घरी आल्यावर मी देवापुढे बसले, क्षमा मागितली, त्याच्यासाठी, तिच्यासाठी, माझ्यासाठी. सकाळी अंबूबाई बरणी घेऊन दारात उभी. पावसाच्या ओलीने चिठ्ठीवरची शाई फुटली होती, नाव नीट वाचता येत नव्हतं.

"माई, परत लिवतीस?"

माझ्या हातात जपमाळ होती. मी ती खुंटीला लावली, पेन घेतलं आणि आधीपेक्षा जाड अक्षरांत लिहिलं. बाहेर सावळारामने हॉर्न दिला. आठला पाच मिनिटं कमी होती.