भिंतीला लावलेला फोन

सकाळी साडेसातला फोन वाजला, नाव हिराजीकाकांचं दिसलं आणि मी ‘हॅलो’ही न म्हणता तो मागच्या खोलीच्या भिंतीला लावून धरला. नऊ वर्षांची सवय. अर्धा मिनिट धरायचा, मग कानाला न्यायचा, पलीकडून काका म्हणायचे, “बरा हाय. चालू दे.” त्या दिवशी कानाला लावला तर काकी बोलत होत्या. “बाय, ते गेले गो पहाटे...” भिंतीपलीकडचा आवाज नेहमीसारखा चालू होता.

तो आवाज कसला, ते आधी सांगायला हवं. मी पनवेलच्या एका रुग्णालयात एमआरआय काढते. लोकांच्या लक्षात राहतो तो तपासणीतला धडधडाट. पण यंत्र रिकामं असतानाही आत एक बारीक आवाज अखंड चालू असतो, चिव्-ठक्, चिव्-ठक्. यंत्रातलं भलंमोठं चुंबक द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं असतं आणि त्याला थंड राखणारी यंत्रणा असा आवाज करते. ती थांबली की हेलियमची वाफ होऊन उडून जाऊ लागते, आणि सगळा उडाला तर यंत्र आठवडेच्या आठवडे बसून राहतं. या यंत्रणेला गार पाणी पुरवणारा चिलर आमच्या गच्चीवर आहे. त्याची देखभाल काकांकडे होती, आणि पनवेल-उरणमधल्या आणखी चार-पाच रुग्णालयांच्या चिलरचीही.

काका उरणच्या किनाऱ्यावरचे, घरची होडी असलेले. पण त्यांना समुद्र लागायचा. होडीत पाय ठेवला की ओकाऱ्या... कोळ्याच्या घरात याहून मोठी नाचक्की ती कोणती! म्हणून बापानं त्यांना मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात चिकटवलं. गारव्याची विद्या त्यांना तिथं मिळाली. चिलरपाशी आले की काटा बघायच्या आधी जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याच्या नळांवर दोन तळवे ठेवायचे, डोळे मिटून तापमानाचा आकडा सांगायचे आणि मगच काट्याकडे बघायचे. मी त्यांना चुकताना पकडायला टपलेली असायची. फारसं काही हाती लागलं नाही. मी शाकाहारी, हे माहीत असूनही एकदा त्यांनी माझ्या पिशवीत सुक्या जवळ्याची पुडी टाकली होती. दिवसभर आमची खोली घमघमत होती आणि हे आपले तोंड लपवून हसत होते.

एका शुक्रवारी माझ्या हातून चूक झाली. शेजारी इमारत उभी राहत होती, धूळ रोजची. दुपारी चिलरचा अलार्म वाजला. यंत्र मात्र चित्रं स्वच्छ देत होतं, कारण थंडावा लगेच संपत नाही. बाहेर सात पेशंट ताटकळलेले. मी बटण दाबून अलार्म गप्प केला, म्हटलं, एवढे संपवून काकांना फोन करू. आणि साफ विसरले. कामोठ्याला घरी जाऊन निवांत झोपले. शनिवारी साडेसातला फोन आला, मी तो भिंतीला लावला, तर काका म्हणाले, “बाय, भिंत बदललीस काय?” मग मी स्वतः कान लावला. आत शांत होतं.

अर्ध्या तासात ते गच्चीवर होते. चिलर धुळीनं गुदमरून जळला होता आणि सुटा भाग संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. हेलियमची पातळी उतरत चालली होती. काकांनी जुन्या कारखान्यात फोन लावला. तासाभरात बर्फाच्या लाद्या भरलेला टेम्पो फाटकात आला. त्याला मासळीचा असा वास, की वॉचमन आत सोडेना. काका त्याच्याशी भांडले, लाद्या फोडून प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधल्या आणि पाण्याच्या टाकीत सोडल्या; पाणी फिरवणारा पंप शाबूत होता. बाराच्या सुमाराला आत पुन्हा चिव्-ठक् सुरू झालं. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

मग नोंदवहीची वेळ आली. अलार्म वाजलाच नाही, असं लिहायचं मी मनात ठरवलं होतं. काकांनी वही ओढली आणि आधी स्वतःचं लिहिलं : ‘धूळ दिसत होती. धुवायला मी आठवडा उशीर केला. हिराजी.’ आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी खरं ते लिहिलं. मला मेमो मिळाला, त्यांचं कंत्राट जाता जाता राहिलं. त्यांनी स्वतःहून का ओढवून घेतलं, असं नंतर विचारलं, तर म्हणाले, “अलार्म दाबला तर आवाज जातो. बिघाड नाय जात.”

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं डोकं दुखायला लागलं आणि ते पेशंट म्हणून माझ्याकडे आले. ज्या यंत्राला इतकी वर्षं जपलं, त्यात पहिल्यांदाच आडवे झाले. पडद्यावर मला जे दिसलं ते दिसायला नको होतं... बाहेर आल्यावर चपला घालत म्हणाले, “आतला आवाज जड येतोय. मधेच अडकतोय. बघून घे.” मग माझ्याकडे रोखून बघत, “आणि माझं काय?”

असं कुणी विचारलं की आम्ही हसून सांगतो, रिपोर्ट उद्या मिळेल. मीही हसले. तेच म्हणायला लागले.

“बाय,” काका म्हणाले, “अलार्म दाबू नको.”

मी जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं आणि ते सगळं सांगून होईपर्यंत काकांच्या शेजारी बसून राहिले. काकांनी दोनच प्रश्न विचारले. मग उठले आणि जिना चढून गच्चीवर गेले, नळांवर तळवे ठेवायला. पुढच्या आठवड्यात कंपनीचा इंजिनिअर आला. आतला भाग खरंच झिजला होता, तो त्यानं बदलला.

आता साडेसातला मी मागच्या खोलीत जाते, भिंतीला कान लावते. नळांवर हात ठेवून बघते, आकडा मात्र अजून चुकतो. परवा तिथंच असताना फोन वाजला. पुन्हा काकांचं नाव. काकी होत्या. पनवेलजवळच्या करंजाड्याच्या राहत्या घरात काका रोज फोनचा स्पीकर लावून आमच्या यंत्राचा आवाज ऐकायचे आणि काकी तेव्हा चहा गाळायच्या, हे मला माहीतच नव्हतं.

“घरात लई शांत वाटतं गो,” त्या म्हणाल्या. “जरा ऐकव.”

मी फोन भिंतीला लावला. अर्ध्या मिनिटानं कानाशी आणला. पलीकडे भांड्याचा जरासा आवाज झाला.

“बरा हाय,” काकी म्हणाल्या. “चालू दे.”